पत्रं रद्दीत जाण्याआधी

परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या शाळेत मी इतिहास शिकवला. दर १७ सप्टेंबरला मुलांना निजामाविरुद्धचा मराठवाडा मुक्तिसंग्राम सांगताना एक खंत मनात असे: १९३८ चा सत्याग्रह आणि १९४८ ची मुक्ती आपण स्मारकांवर कोरली, पण ती माणसं एकमेकांना काय लिहीत होती, हे जपलं नाही.

निवृत्तीनंतर एका विद्यार्थ्याच्या घरी पत्र्याची पेटी उघडली. त्याच्या आजोबांनी तुरुंगातून पाठवलेली पोस्टकार्डं आणि निजामी कचेरीची उर्दूतली नोटीस त्यात एकत्र होती. वाळवीनं कडा खाल्लेल्या. नोटिशीत सरकारची भीती दिसते. पोस्टकार्डात पेरणीची चौकशी. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय तो काळ कळत नाही.

असे कागद इतरांनी जपले आहेत. अमेरिकेचे संस्थापक जॉन अॅडम्स आणि थॉमस जेफरसन राजकारणात दुरावले होते. १८१२ मध्ये पुन्हा पत्रं सुरू झाली, ती १८२६ पर्यंत. अमेरिकेनं आपल्या संस्थापकांची अशी लाखाहून अधिक कागदपत्रं इंटरनेटवर मोफत खुली केली आहेत. आपल्याकडे तर इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव फिरले आणि १८९८ मध्ये त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला.

मग परभणीनं का थांबावं? जिल्हा प्रशासनानं तालुक्यागणिक पत्रं स्कॅन करावीत आणि मूळ कागद कुटुंबाला परत द्यावेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठानं उर्दू आणि मोडी वाचणारी मुलं तयार करावीत. या लिपी वाचणारी पिढी थकली आहे. काम याच वर्षी सुरू व्हायला हवं.