भिडेचें गिऱ्हाईक आणि मांडवांतलें गिऱ्हाईक

घरीं राहून चालविण्याजोगा एखादा धंदा असावा, चार पैसे स्वतःचे म्हणून हातीं असावेत, असें आपल्या कुटुंबांतील पुष्कळ भगिनींस वाटतें, आणि तें वाटणें सर्वथा योग्य आहे. कोणी डबे किंवा सौंदर्यप्रसाधनें विकणाऱ्या कंपनीची विक्रेती होते. कोणी घरच्या मेतकुटाचीं नि भाजणीचीं पाकिटें करते. दोघींचाहि माल दुकानदाराच्या फळीवर न जातां विकणारीच्या हातून थेट घेणारीच्या हातीं पडतो. अशा धंद्याचा आरंभ कसा होतो हें सर्वांस ठाऊक आहे. पहिली वस्तु जाऊबाई घेतात, दुसरी वन्सं, तिसरी मामेसासूबाई; मग हळदीकुंकवास आलेल्या चार बायका. पहिला महिना उत्तम जातो. तिसऱ्या महिन्यांत मात्र फोन केला तर पलीकडून "मागाहून करतें हं" असें उत्तर येऊं लागतें. माल तोच असतो. संपलेली असते ती भीड.

ह्यांत कोणा एकीचा दोष नाहीं. ही रीतच तशी आहे. १९५१ सालीं अमेरिकेंत टपरवेअर कंपनीनें आपले डबे दुकानांतून काढून घेतले आणि ते केवळ घरगुती मेळाव्यांतून विकण्याचें ठरविलें. ब्राउनी वाइज नांवाच्या बाईंनीं ही पद्धति नांवारूपास आणली. डब्याचें झांकण कसें घट्ट बसतें हें फळीवरून कळत नसे; शेजारणीनें दाखविलें म्हणजे कळे. हेंच त्या रीतीचें खरें बळ. १९९६ सालीं ती कंपनी हिंदुस्थानांत आली, आणि हळदीकुंकवाची संवय असलेल्या आपल्या दिवाणखान्यांस असे मेळावे परके वाटले नाहींत. परंतु यजमानीणबाईंचा चहा घेतल्यावर रिकाम्या हातानें उठणें पाहुणीस जड जातें. गरज नसतां ती कांहीं तरी घेते, आणि पुढच्या बोलावण्यास येण्याचें टाळते. अशा वेळीं दोनशें रुपयांच्या विक्रीपायीं वीस वर्षांचा घरोबा उणावतो. एकत्र कुटुंबांत तर हा तोटा एकटीचा राहत नाहीं. सबंध घरास तो सोसावा लागतो.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, आपला धंदा गुणावर चालतो कीं भिडेवर, हें ज्या भगिनीस पाहावयाचें असेल तिनें वर्षांतून एकदोनदां तरी अनोळखी माणसांपुढें आपला स्टॉल मांडावा. परक्या माणसास आपली भीड नसते. तो वस्तु पाहतो, भाव पाहतो, आणि पटलें तरच पैसे काढतो.

पंचवटींत राहणारीस गर्दी शोधावयास दूर जावें लागत नाहीं. चैत्रांत काळाराम मंदिराचा उत्सव, कामदा एकादशीस निघणारे राम व गरुड रथ, गोदाघाटावरील बुधवारचा बाजार, आणि बारा वर्षांनीं येणारा सिंहस्थ. २०१५ नंतर आतां २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. तथापि गर्दी आणि गिऱ्हाईक ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. रामकुंडावर येणाऱ्यांपैकीं कित्येक आपल्या माणसाच्या अस्थि घेऊन आलेले असतात. त्यांच्यापुढें अत्तराची बाटली धरणें शोभत नाहीं. इतर यात्रेकरू संध्याकाळच्या गाडीनें परत जाणारे. त्यांस लहान, न सांडणारी, प्रवासांत टिकणारी वस्तु हवी असते. नाशिकचा चिवडा आणि बेदाणे हे त्यांच्या पिशवींत सहज जातात, डब्यांचा मोठा संच जात नाहीं. जो माल एकदां वापरून पुन्हां मागवावयाचा, त्यास स्थायिक गिऱ्हाईक पाहिजे. तें हिरावाडींत, दिंडोरी रस्त्यावरच्या सोसायट्यांत, गणेशोत्सवाच्या मांडवांत नि दिवाळीपूर्वीं महिला मंडळांनीं भरविलेल्या प्रदर्शनांत भेटतें. आणखी एक स्थानिक गोष्ट. गंगापूर धरणाचें पाणी सोडलें म्हणजे तें दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगाला लागलें ह्यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. श्रावण-भाद्रपदांत घाटालगतची जागा कोणी स्वस्तांत देऊं केली तरी ती घेऊं नये. सार्वजनिक जागेवर मांडावयाचें तर महानगरपालिकेची परवानगी आधीं हवी.

आतां मांडणीविषयीं. टेबल मिळतें तें एक, आणि आपण घरांतला सगळा माल त्यावर ओततों. त्याऐवजीं दहाबारा निवडक वस्तूंवर थांबावें. गौरीची आरास करतांना आपण डब्यांवर चादर टाकून पायऱ्या करतों, तशाच येथें कराव्या. म्हणजे मागची वस्तुहि दिसते. प्रत्येक वस्तूवर भाव लिहिलेला असावा. भाव विचारला तर घ्यावें लागेल, ह्या संकोचानें पुष्कळ माणसें मुकाट्यानें पुढें जातात. प्रत्येक प्रकाराची एक वस्तु उघडी, हातांत घेऊन पाहण्याजोगी ठेवावी. पाटीवर काय विकतों तें आधीं मोठ्या अक्षरांत, आणि आपलें नांव नंतर. खुर्ची टाकून फोनमध्यें पाहत बसणाऱ्या बाईकडे कोणी फिरकत नाहीं. टेबलाच्या कडेस उभें राहावें, आणि बोलण्यापूर्वीं माणसास क्षणभर पाहूं द्यावें. दोघीजणी असाव्यात: एकीनें बोलावें, दुसरीनें पैसे घ्यावेत. यूपीआयचा क्यूआर कोड छापून लावावाच, पण दहा-वीसच्या सुट्या नोटाहि ठेवाव्यात; आजीबाई अजून कनवटीचेच पैसे काढतात. आणि एक वही ठेवावी. संमतीनें नांव, फोन आणि काय विचारलें तेवढें तींत टिपावें. त्या दिवसाच्या गल्ल्यापेक्षां ह्या वहीची किंमत आम्ही अधिक समजतों.

कायद्याचेंहि थोडें लक्षांत असावें. २८ डिसेंबर २०२१ रोजीं थेट विक्रीसंबंधीं केंद्र सरकारचे नियम निघाले. त्यांप्रमाणें विक्रेत्यानें ओळखपत्र बाळगावें, आपण कोणत्या कंपनीचा माल विकतों तें प्रारंभींच सांगावें, किंमत व माल परत घेण्याच्या अटी खऱ्या सांगाव्या, आणि पूर्वीं वेळ ठरविल्यावांचून कोणाच्या घरीं जाऊं नये. माणसांमागें माणसें जोडून पैसा फिरविण्याच्या योजनांस ह्याच नियमांनीं मनाई केली आहे; तशा योजनांविरुद्ध १९७८ चा कायदाहि आहेच. तेव्हां स्टॉलवर वस्तु दाखविण्याऐवजीं "तुम्हीहि सभासद व्हा" हेंच पालुपद सुरू झालें, तर घरांतील वडील माणसांनीं वेळींच विचारावें कीं, येथें विकलें जातें तें काय? खाद्यपदार्थ असतील तर अन्नसुरक्षा खात्याकडील नोंदणी व तिचा चौदा आंकडी क्रमांक हवा. पाकिटावर करणारीचें नांव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत आणि तयार केल्याची तारीख हवी.

शेवटीं हिशोब. समजा, दोन दिवसांच्या प्रदर्शनांत गाळ्याचें भाडें ३००० रुपये, पाटी-कापडाचा वाटा ८००, रिक्षा ४००, नमुन्यांचा माल ५००. एकूण ४७०० झाले. विक्रीवर शेंकडा २० सुटत असतील, तर केवळ खर्च भरून येण्यास २३,५०० रुपयांची विक्री व्हावयास पाहिजे. एकेक गिऱ्हाईक सरासरी २५० रुपयांचें घेईल असें धरलें तर ९४ गिऱ्हाइकें; रोज आठ तास उभें राहिल्यास सुमारें दर दहा मिनिटांस एक. आणि ह्यांत दोघींच्या श्रमाचा एक पैसाहि धरलेला नाहीं. हा आंकडा जागा ठरविण्यापूर्वीं काढावा, आणि तो घरांत सर्वांसमोर मांडावा. भाडें अवाढव्य असेल तर तो गाळा दोघीतिघींनीं वांटून घ्यावा. विक्री कमी झाली तर सूनबाईस टोमणा मारण्यापेक्षां वहींत किती नवीं नांवें आलीं हें सासूबाईंनीं विचारावें.

१५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांत सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले; तोच पुढें लिज्जत पापडाचा उद्योग झाला. देणगी म्हणून कोणाकडून कांहीं घ्यावयाचें नाहीं, असा त्यांचा आरंभापासूनचा निश्चय होता. भिडेनें घेतलेली वस्तु हीहि एका तऱ्हेची देणगीच असते, हें आपल्या भगिनींनीं ध्यानांत घ्यावें. जाऊबाईंनीं पहिलें पाकीट घ्यावें, कौतुकानें घ्यावें. परंतु दुसरें मागण्यास त्या आपण होऊन आल्या, तरच त्यांना तें द्यावें. ह्या दिवाळीपूर्वीं स्टॉल मांडण्याचा विचार ज्या घरांत चालला असेल, त्या घरानें तेवढा एक नियम पाळून पाहावा.