चूक कुणाची? खोलीची!

श्रुतलेखनात मी म्हणाले "बादली" आणि आमच्या वर्गातल्या एकाने लिहिले "वादळी". शेवटच्या रांगेत बसणारा मुलगा. "लक्ष कुठं असतं रे तुझं?" म्हणून मी त्याला दोनदा रागावले. तिसऱ्या वेळी तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, तुमचा आवाज येतोय, पण एकात एक मिसळतोय."

मग मी त्याच्या जागेवर जाऊन बसले आणि एका मुलीला फळ्यापाशी उभे राहून वाचायला सांगितले. खरेच की! शब्द घुमत होते. आमची शाळा उजनीच्या पाण्याकाठी. वर्गाला वर पत्रा, खाली फरशी, भिंती गुळगुळीत. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. एवढ्याशा खोलीत तो एका सेकंदात कितीतरी वेळा भिंतींवर आपटतो. कठीण भिंत त्याला जवळजवळ सगळाच परत पाठवते. त्यामुळे "बा" विरायच्या आत "द" येतो, आणि झाला गोंधळ!

विजापूरचा गोल घुमट पाहिलाय का? १६५६ साली पूर्ण झालेल्या या घुमटात एक टाळी वाजवली, तर ती कितीतरी वेळा ऐकू येते. सहलीला गेल्यावर मजा वाटते. पण रोजचा वर्ग असा घुमला तर शिकायचे कसे?

हाच प्रश्न १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात पडला. तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला सांगितले, "काहीतरी करा." त्याच्याजवळ साधने किती? ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचे यंत्र आणि स्वतःचे कान! रात्री रस्ते शांत झाले की तो नळी वाजवून बंद करी आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजी. मग जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून ठेवी आणि पुन्हा मोजी. सकाळी गाद्या परत! जितक्या गाद्या जास्त, तितका आवाज लवकर विरे. मऊ कापूस आवाज पिऊन टाकतो ना! यातूनच त्याने नियम शोधला. १९०० साली उघडलेले बोस्टनचे संगीतगृह त्याच नियमाने बांधले.

आम्हीही ठरवले, यंत्र बनवायचे. पहिली अडचण आली टाळीची. एकाची टाळी मोठी, दुसऱ्याची लहान. मग मोजमाप कसे जुळणार? मुलांनी दोन फळ्या बिजागरीने जोडल्या. एक फळी स्टुलावर घट्ट बसवली, दुसरी सरळ उभी धरून नुसती सोडायची, ढकलायची नाही. दरवेळी सारखाच "फट्!" शेवटच्या रांगेत एकजण डोळे मिटून, स्टॉपवॉच घेऊन बसला. बोट दाबायला थोडा उशीर होतोच, म्हणून दहा वेळा मोजून सरासरी काढली. तेही सकाळी लवकर, पाण्याच्या मोटारी आणि उसाचे ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आत.

उत्तर आले जवळपास दोन सेकंद. बोलणे स्पष्ट कळायला लहान वर्गात हे अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या आसपास हवे.

आता गाद्या कुठून आणायच्या? "बाई, गोधड्या!" मुले ओरडली. दुसऱ्या दिवशी बारा गोधड्या आल्या. मागच्या आणि बाजूच्या भिंतींपुढे दोरीवर टांगल्या आणि पुन्हा "फट्!" दोन सेकंदांचा एक सेकंद झाला! गोधड्या संध्याकाळी घरी गेल्या, कारण रात्री पांघरायला लागतात. पण वर्गासाठी आम्ही आता जुन्या साड्यांचे आणि पोत्यांचे जाड पडदे शिवतोय. स्टॉपवॉच कुणाच्या हातात असते, ओळखा पाहू? त्याच "वादळी"वाल्याच्या!

तुम्हीही आपल्या वर्गात असे मोजून पाहा. खिडक्या उघड्या ठेवून एकदा, बंद करून एकदा. फरक वहीत लिहा.

आणि पालकांनो, मूल "नीट ऐकू येत नाही" म्हणाले, तर रागावण्याआधी त्याच्या जागेवर बसून ऐका. शांत जागीही ऐकू येत नसेल, तर मात्र डॉक्टरांना कान दाखवा. मी दोनदा रागावले, ती माझी चूक. तेवढी तुम्ही करू नका.