सर्वाधिक कर्करोगाचा देश : ऑस्ट्रेलियाच्या आकड्यांमागचे समाजवास्तव

स्वच्छ हवा, विरळ लोकवस्ती, उत्तम सार्वजनिक आरोग्यसेवा आणि मैदानी खेळांचे वेड असलेला समाज, अशी ऑस्ट्रेलियाची प्रतिमा आहे. असे असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार, दर लाख लोकसंख्येमागे नव्या कर्करुग्णांचे सर्वाधिक प्रमाण याच देशात आहे. तेथे हा आकडा ४६० च्या आसपास जातो. भारतात तो शंभराच्या घरात आहे. देश जितका संपन्न तितका कर्करोग अधिक, असा सोपा निष्कर्ष यावरून काढला जातो. तो पूर्णतः चुकीचा नाही; मात्र पुरेसाही नाही.

प्रथम आकड्याकडेच पाहावे लागेल. वेगवेगळ्या देशांतील वयोरचनेचा फरक वजा करूनच ही तुलना केली जाते. त्यामुळे ‘तेथील लोक अधिक जगतात म्हणून कर्करोग अधिक’ हे उत्तर येथे लागू पडत नाही. खरा प्रश्न कोणते कर्करोग मोजले जातात आणि किती नेटाने शोधले जातात, हा आहे. त्वचेचे तुलनेने सौम्य कर्करोग या गणनेतून वगळले, तर डेन्मार्कसारखे युरोपीय देश ऑस्ट्रेलियाच्या पुढे जातात. दुसरे असे, की ऑस्ट्रेलियात निदान झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. भारतात २०२२ मध्ये अंदाजे १४ लाख नवे रुग्ण आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू झाले. आपला कमी आकडा काही अंशी न झालेल्या तपासण्यांचा आकडा आहे, हे विसरता येणार नाही.

तरीही त्वचेच्या कर्करोगाचा भाग बाजूला सारून चालणार नाही, कारण ऑस्ट्रेलियाची सामाजिक कथा तेथेच सर्वांत स्पष्ट दिसते. वयाची सत्तरी गाठेपर्यंत दर तीन ऑस्ट्रेलियनांपैकी दोघांना त्वचेच्या कर्करोगाचे निदान होते, असा तेथील कर्करोग परिषदेचा अंदाज आहे. प्रखर अतिनील किरणे हे त्याचे कारण आहेच. पण ही किरणे हजारो वर्षांपासून तेथे आहेत आणि मूळ आदिवासींच्या गडद त्वचेने ती पेलली आहेत. ब्रिटन-आयर्लंडच्या ढगाळ आकाशाखाली घडलेली गोरी त्वचा गेल्या सव्वादोनशे वर्षांत या उन्हात आली, आणि पुढे त्या उन्हाची हौसही रुजली.

ही हौस अलीकडची आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सिडनी परिसरात दिवसाउजेडी समुद्रस्नानावर बंदी होती. १९०२ मध्ये विल्यम गोचर यांनी मॅनली किनाऱ्यावर भरदुपारी पाण्यात उतरून ती जाहीरपणे मोडली. त्यानंतर काही वर्षांतच जीवरक्षक मंडळे स्थापन झाली, किनारा हे राष्ट्रीय जीवनाचे केंद्र बनले आणि रापलेली कातडी आरोग्याची, फुरसतीची व सौंदर्याची खूण ठरली. छायाचित्रकार मॅक्स ड्युपेन यांचे १९३७ मधील ‘सनबेकर’ हे वाळूवर पालथ्या पडलेल्या पुरुषाचे छायाचित्र पुढे ऑस्ट्रेलियनपणाचे प्रतीक मानले गेले. त्या छायाचित्रातील गृहस्थ मूळचा इंग्रज होता, ही गोष्ट या विषयाच्या संदर्भात बोलकी आहे.

ही सवय मोडण्यासाठी तितक्याच चिकाटीचे प्रयत्न करावे लागले. १९८१ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ ही मोहीम सुरू झाली. सदरा चढवा, सनस्क्रीन लावा, टोपी घाला, एवढाच तिचा संदेश होता आणि तो सांगणारा होता सिड नावाचा एक कार्टून सीगल. शाळांनी टोपी नसलेल्या मुलांना मैदानात खेळण्यास मनाई केली. २००७ मध्ये मेलबर्नच्या क्लेअर ऑलिव्हर या तरुणीने मेलानोमाशी झुंजताना, कृत्रिम किरणांखाली त्वचा रापवून देणाऱ्या सोलॅरियम केंद्रांविरुद्ध आवाज उठवला. त्याच वर्षी वयाच्या २६ व्या वर्षी तिचे निधन झाले. दशकभरात सर्व राज्यांनी अशा व्यावसायिक केंद्रांवर बंदी घातली. आज तरुण पिढीत मेलानोमाचे प्रमाण घटलेले आहे. वृद्धांमध्ये मात्र ते चढेच आहे, कारण त्यांच्या त्वचेवर बालपणीच्या उन्हाचा हिशेब अजून बाकी आहे.

तंबाखूच्या बाबतीतही धोरणाचा परिणाम दिसतो. १९९१ मध्ये १४ वर्षांवरील २४ टक्के ऑस्ट्रेलियन रोज धूम्रपान करीत असत. २०२२-२३ मध्ये हे प्रमाण ८.३ टक्क्यांवर आले. डिसेंबर २०१२ पासून सिगारेटची पाकिटे कोणत्याही बोधचिन्हाविना, एकाच मळकट रंगात विकण्याची सक्ती करणारा हा जगातील पहिला देश. करही इतके चढवले गेले, की बेकायदा सिगारेटींचा मोठा बाजार उभा राहिला. त्यावरील वर्चस्वासाठी मेलबर्नमध्ये टोळ्या दुकाने पेटवून देऊ लागल्या. एवढे होऊनही कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत फुप्फुसाचा कर्करोगच आघाडीवर आहे, कारण मागील पिढ्यांच्या व्यसनाचे मोल आता चुकवले जात आहे.

राष्ट्रीय सरासरीत एक वेगळा ऑस्ट्रेलिया झाकला जातो. आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतील बेटवासी समुदायांत रोजच्या धूम्रपानाचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या जवळपास तिप्पट आहे. याला ‘जीवनशैली’ म्हणणे अन्यायाचे ठरेल. वसाहतकाळात गुरांच्या विस्तीर्ण कुरणांवर राबणाऱ्या आदिवासींना मजुरीऐवजी पीठ, साखर, चहा आणि तंबाखूचा शिधा दिला जाई. मालकांनीच लावलेले हे व्यसन पिढ्यान्‌पिढ्या टिकले. त्यात दुर्गम वस्त्यांपासून शेकडो किलोमीटरवर असलेली रुग्णालये आणि सरकारी यंत्रणेविषयीचा अविश्वास यांची भर पडते. देशातील कर्करोगाचा एकूण मृत्युदर घटत असताना या समुदायांना त्या घटीचा वाटा मिळालेला नाही. मानवी पॅपिलोमा विषाणूविरोधी लस विकसित करण्यात क्वीन्सलँड विद्यापीठाचे इयन फ्रेझर आणि जियान झोऊ यांचा मोलाचा वाटा होता. २००७ मध्ये मुलींसाठी ही लस राष्ट्रीय पातळीवर सुरू करणारा हा पहिला देश होता आणि २०३५ पर्यंत गर्भाशयमुखाचा कर्करोग सार्वजनिक समस्या म्हणून संपवण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याच देशात आदिवासी स्त्रियांमध्ये या कर्करोगाचे प्रमाण इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आहे.

व्यवसायजन्य कर्करोगाची नोंद थोडक्यात घ्यावी लागेल. पश्चिम ऑस्ट्रेलियातील विटेनूम येथील निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसची खाण १९६६ मध्ये बंद झाली, पण तेथील कामगार आणि रहिवासी त्यानंतर कित्येक दशके फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने दगावत राहिले. २००३ च्या अखेरीस देशाने अ‍ॅस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी घातली. भारतात सिमेंटच्या पत्र्यांसाठी ते आजही आयात होते. स्वयंपाकघरातील ओट्यांसाठी वापरला जाणारा कृत्रिम दगड कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसे निकामी करते आणि ती कर्ककारकही आहे. म्हणून १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने हा दगडच बंद केला.

खरी कसोटी आता अन्न आणि मद्याच्या बाबतीत लागत आहे. दर तीन प्रौढांपैकी जवळपास दोघांचे वजन प्रमाणाबाहेर आहे. आठवड्याला दहापेक्षा अधिक प्रमाणित पेये घेऊ नयेत, अशी अधिकृत शिफारस २०२० पासून आहे. परंतु क्रिकेटच्या सामन्यापासून घरच्या बार्बेक्यूपर्यंत सर्वत्र मद्य असणाऱ्या समाजात तिचे पालन किती होणार? सिगारेटला जो विरोध झाला तो बिअरला होत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या ५० देशांच्या पाहणीत, पन्नाशीच्या आतील व्यक्तींमधील मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ऑस्ट्रेलिया पहिल्या क्रमांकावर होता. स्थूलता, प्रक्रियायुक्त अन्न, प्रतिजैविकांचा वापर, आतड्यांतील जिवाणूंचे बदलते संतुलन अशी अनेक कारणे तपासली जात आहेत. निर्णायक उत्तर अद्याप हाती आलेले नाही.

ऑस्ट्रेलियातील सर्वांत मोठ्या स्थलांतरित गटांपैकी एक भारतात जन्मलेल्यांचा आहे. मेलबर्न आणि सिडनीतील मराठी कुटुंबे त्यातच येतात. २०२४ मध्ये तेथील तज्ज्ञांनी उन्हाविषयीच्या सूचना त्वचेच्या वर्णानुसार वेगळ्या केल्या. गडद वर्णाच्या व्यक्तींना ‘ड’ जीवनसत्त्वासाठी अधिक ऊन हवे, हे त्यात मान्य करण्यात आले. तेव्हा उन्हाचा धोका या कुटुंबांना तुलनेने कमी आहे. आहार, वजन आणि मद्याचे मात्र तसे नाही. स्थलांतरितांच्या कर्करोगाचे स्वरूप एक-दोन पिढ्यांत यजमान देशासारखे होत जाते, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसले आहे.

जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलिया सरकारने आतड्याच्या कर्करोगाच्या मोफत चाचणीचे वय ५० वरून ४५ वर आणले. पन्नाशीनंतर नमुना संच टपालाने घरी येतो. ४५ ते ४९ या वयोगटाला तो मागवून घ्यावा लागतो. आजवर ज्यांच्या घरी हा संच पोहोचला, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक लोकांनी तो वापरून परत पाठवलेला नाही.