ट्रॉली ट्रॅक्टरच्या बळाप्रमाणे असावी

बैलजोडीचे बळ पाहून गाडीत भार घालावा, हे हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्यास कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. बैल थकला की थांबतो. ट्रॅक्टर मात्र तक्रार करीत नाही; म्हणून ट्रॉली घेताना हा जुना विवेक सुटतो आणि शेजाऱ्याच्या ट्रॉलीहून आपली मोठी असावी, एवढाच विचार उरतो. हा विचार घातक आहे.

ट्रॉलीची निवड आकारावरून नव्हे, वजनावरून करावयास हवी. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व दोन फूट उंच ट्रॉलीत सपाट भरलेले सोयाबीन सुमारे २५ क्विंटल होते. तीच ओल्या वाळूने भरल्यास भार ५० क्विंटलांहून अधिक होतो. कापूस शिगोशीग भरला तरी हलकाच. त्यासाठी ट्रॉली मोठी न घेता काढता-घालता येणाऱ्या जाळ्या लावून उंची वाढवावी.

सपाट रस्त्यावर लहान ट्रॅक्टरही पुष्कळ भार ओढतो. खरी परीक्षा औंढा व सेनगाव भागांतील चढउतारांवर होते. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर अशी ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते व आडवा करते. दोन चाकी ट्रॉलीत माल फार पुढे भरला, तर चढावर ट्रॅक्टरची पुढील चाके उचलली जातात. फार मागे भरला, तर हूक वर उचलला जाऊन मागील चाकांची पकड सुटते.

हळद वसमतच्या बाजारात नेताना दोन खेपा परवडत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु एका खेपेचे डिझेल वाचविण्यासाठी टायर, क्लच आणि चालकाचे प्राण पणाला लावणे हा हिशेब नव्हे. हळदीचा हंगाम थोड्या आठवड्यांचा, ट्रॉली मात्र वर्षभराची. तेवढ्या दिवसांसाठी ब्रेक असलेले मोठे वाहन भाड्याने घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरेदीपूर्वीच शेतकऱ्यास ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेतील भारमर्यादा दाखवावी. त्या मर्यादेत रिकाम्या ट्रॉलीचे वजनही धरावे, टायरांची क्षमता पाहावी आणि भरलेली ट्रॉली एकदा वजनकाट्यावर तोलून घ्यावी. जी ट्रॉली ओढता येते ती नव्हे, तर जी उतारावर थांबविता येते, तीच योग्य मापाची होय.