भिंतीवरची चार आणि दारातले एक

कुत्रे देवाच्या पायाशी शोभते, गिऱ्हाइकाच्या पायाशी नव्हे, असा एक नवाच धर्म आमच्या परदेशस्थ दुकानदार बंधूंनी काढलेला दिसतो. मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या भावाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. तिथे एडिसन गावात वाणसामानाच्या एका दुकानात मला या धर्माची दीक्षा मिळाली. मालक आपलेच, मराठी. गल्ल्यामागे दत्तगुरूंची तसबीर, तिला ताजा हार, आणि तसबिरीत अर्थातच चार श्वान. दारात एक अंध बाई उभ्या. सोबत काळे लॅब्राडोर, त्याच्या पाठीवर चामड्याचा साज, आणि साजाची ताठ मूठ बाईंच्या हातात. मालक गरजले, "नो डॉग!" मग कागद मागितला, दाखला मागितला, डोळ्यांना कितपत दिसते याचीही चौकशी केली. बाई तांदूळ न घेताच परतल्या. मी नि भावाने वाद घातला, तेव्हा उत्तर मिळाले, "मास्तर, इथे अन्न असतं!"

असते ना! बाई काय तिथे सोने घ्यायला आल्या होत्या? आणि अन्नाचे दुकान म्हणून सूट, असे तिथला 1990 चा अपंगांविषयीचा कायदा मुळीच म्हणत नाही. काम उघड दिसत नसेल तर दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात: हे कुत्रे अपंगत्वामुळे लागते का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? दाखला मागता येत नाही, आजार विचारता येत नाही. इथे तर साज नि मूठ डोळ्यांसमोर होती. मालकांचे डोळे शाबूत होते!

लबाड लोक घरच्या लाडक्या कुत्र्याला विकतचे जाकीट चढवून आत घुसवतात, अशी दुसरी तक्रार. ती खोटी नाही. पण त्यावर उपाय नियमातच आहे. कुत्रे आवरेनासे झाले आणि धनी आवरीत नसेल, किंवा त्याने घाण केली, तर खुशाल बाहेर काढा. माणसाला मात्र सामान द्यावेच लागते. गुपचूप उभ्या असलेल्या कुत्र्याला लबाडांची शिक्षा कशाला?

दिव्याखाली अंधार कसा तो पाहा. एडिसनपासून मोटारीने तासाभराच्या आतच मॉरिसटाउन आहे. अंधांसाठी कुत्री तयार करणारी, 1929 साली निघालेली अमेरिकेतली नामांकित संस्था तिथेच. समोरून मोटार येत असली तर धन्याने 'पुढे' म्हटले तरी जागचे हलायचे नाही, हे त्या कुत्र्यांना शिकवलेले असते. (अशी शहाणी अवज्ञा माझ्या वर्गात अजून कुणाला साधलेली नाही.) इतके शिकलेले जनावर भर रस्त्यातून बाईंना सुखरूप आणते, आणि अडते कुठे, तर आमच्या उंबऱ्याशी!

धर्मराजाला स्वर्गाच्या दाराशी इंद्रानेही हेच ऐकवले होते, कुत्र्याला आत जागा नाही. तेव्हा धर्मराजाने स्वर्ग नाकारला. आमच्या मालकांनी भूमिका घेतली ती इंद्राची, आणि हार घातला दत्ताला!

लक्ष्मीपूजनाला ते दुकान उजळेल, दाराशी रांगोळी पडेल. तिच्याशेजारी एक पाटी लावा: 'अंधांच्या वाटाड्या कुत्र्याला मज्जाव नाही.' इंग्रजीत लावा, मराठीत लावा. आणि ते आत आले की कौतुकाने कुरवाळू नका, बिस्किटे दाखवू नका. ते कामावर असते. आधी बाईंना तांदूळ दाखवा.