मूक खरेदी आणि कचरा उचलणारे हात

अमेरिकेतील जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने १९२८ साली ‘मोडेस’ या सॅनिटरी पॅडच्या जाहिरातीत एक कुपन छापले. बाईने ते कापायचे, दुकानात न्यायचे आणि एक शब्दही न बोलता काउंटरवर द्यायचे. दुकानदार पुडके तिच्या हाती देणार. या कुपनाचे नावच होते ‘मूक खरेदी कुपन’. त्याआधी काही वर्षे ‘कोटेक्स’ बाजारात आले होते. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या मलमपट्टीसाठी वापरलेल्या सेल्युकॉटनपासून ते बनवलेले होते. ते मागायची बायकांना लाज वाटते, म्हणून दुकानांत पेटी ठेवली गेली. पैसे पेटीत टाका, पुडके उचला आणि चालू लागा. पुढे मोडेसच्या जाहिरातीत उंची गाऊन घातलेली सुंदरी आणि ‘मोडेस... कारण’ एवढेच शब्द उरले. कशाचे कारण, हे सांगायचेच नाही!

पॅडमुळे कापड धुण्या-वाळवण्याच्या जाचातून बाईची सुटका झाली, हे आम्ही नाकारत नाही. परंतु कंपन्यांनी पॅडसोबत लाजही विकली. लाजच उरली नसती, तर लपवण्याचे आश्वासन विकत कोणी घेतले असते?

आपल्या देशात ही लाज कंपन्यांच्या फार आधीपासून आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात चांडाळ आणि रजस्वला यांना एकाच श्लोकात बसवून दोघांच्याही स्पर्शानंतर स्नान सांगितले आहे. ‘विटाळ’ हा एकच शब्द दोघांच्याही वाट्याला आला. २०१८ च्या शबरीमला निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी रजस्वलेला दूर ठेवणे हा संविधानाच्या कलम १७ ने नष्ट केलेल्या अस्पृश्यतेचाच प्रकार असल्याचे आपल्या निकालपत्रात म्हटले. तरीही मेडिकल दुकानात पॅडचे पुडके वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देण्याची रीत आपण सर्वांनी पाहिली आहे. अमेरिकेतले कुपन गेले, काळी पिशवी आली.

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. धुवायची कटकट नाही, वापरा आणि सहज टाकून द्या, असे कोटेक्सच्या जुन्या जाहिराती सांगत. टाकले म्हणजे नाहीसे झाले काय? बाईने जे सर्वांपासून लपवले, ते कचऱ्याच्या ढिगात दुसऱ्या बाईच्या हाती उघडे पडते. ती बाई कोणत्या जातीची असते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने म्हणूनच नागरिकांना सांगितले, की पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. २०१३ साली तर या कष्टकरी भगिनींनी वापरलेले पॅड पिशव्यांत भरून उत्पादक कंपन्यांकडेच परत पाठवले. जे लपवायला कंपन्यांनी शिकवले, ते उघड करणारा हा लाल ठिपका आम्हाला कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोलाचा वाटतो.

कंपनीने मूक खरेदीचे कुपन काढले, त्याच १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलले. स्त्री कामगारापासून मालकाला फायदा होतो, तेव्हा तिच्या बाळंतपणाच्या विश्रांतीचा काही भार त्याने उचललाच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. हाच न्याय येथेही लावला पाहिजे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने पॅडसोबत वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पण केवळ वेष्टन देऊन भागणार नाही. पॅडच्या कचऱ्याच्या विल्हेवाटीचा आणि सफाई कामगारांच्या हातमोज्यांचा खर्च नफा कमावणाऱ्यांनीच सोसला पाहिजे.

आणि आपण? आपल्या घरात काळी पिशवी येते की नाही, आपण पॅड उघडाच कचऱ्यात टाकतो की नाही, हे प्रत्येकाने तपासावे. विहारात, महिला मंडळात, मुलग्यांसमोरही पाळीबद्दल मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. विटाळ मानणे सोडले, असे आपण अभिमानाने सांगतो. मग तो गुंडाळून दुसऱ्याच्या हाती देणेही सोडले पाहिजे.