आम्हाला दर्जा नाही

‘तुम्हाला नक्की कोणत्या दर्जाचे सिनेमे आवडतात हो?’ असं आमचे एक रसिक स्नेही गेली पन्नास वर्षं मला विचारताहेत, आणि गेली पन्नास वर्षं मी नापास होतो आहे. हे गृहस्थ त्या काळी फिल्म सोसायटीचे सभासद. पडद्याच्या तळाशी उमटणारी इंग्रजी अक्षरं वाचून वाचून त्यांची मान कायमची खाली झुकलेली. आमची, पहिल्या रांगेत बसून बसून, कायमची वर!

माझा गुन्हा १९७५ सालचा आहे. त्या एका वर्षात मी ‘शोले’ पाहिला, ‘जय संतोषी माँ’ पाहिला, दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ पाहिला आणि जब्बार पटेलांचा ‘सामना’ही पाहिला. इथवर ठीक होतं. पण मी ते सगळे आवडल्याचं कबूल केलं.

स्नेह्यांच्या मते हे अशक्य. ज्याला तेंडुलकरांची पटकथा कळते, त्याला दादांच्या द्व्यर्थी बोलण्यावर हसू येताच कामा नये. का येऊ नये? श्रीखंड खाणाऱ्यानं ठेच्याला शिवायचं नाही, असा नियम कुठल्या पंगतीत आहे? ‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. गब्बरचे संवाद तबकडीवर निघाले आणि गणपतीच्या मांडवातून वाजू लागले. एवढी माणसं काय पंख्याखाली झोपायला जात होती? जय मरणार हे पाठ असूनही चौथ्या वेळी माझा घसा दाटला. त्याला दर्जा नसेल. घसा होता.

‘जय संतोषी माँ’ मात्र आईचा. बायका थिएटराबाहेर चपला काढून आत जायच्या, पडद्यावर नाणी उधळायच्या. मला त्यातले चमत्कार पाहून हसू आलं, खोटं कशाला बोलू? पण शेजारी आई हात जोडून बसलेली. बाहेर आलो तर तिच्या चपला गायब! ती अनवाणी घरी आली आणि पुढचे सोळा शुक्रवार आमच्या घरातून चिंच हद्दपार झाली. ही हकीकत मी स्नेह्यांना सांगितली. ते म्हणाले, ‘अशा प्रेक्षकांमुळेच आपला सिनेमा सुधारत नाही.’ आणि मी, लाज वाटते सांगायला, मान डोलावली.

पुढं ह्याच आईला मी ‘सामना’ला नेलं. स्नेहीही होते. साखरसम्राट निळू फुले, दारूडे मास्तर डॉक्टर लागू, आणि त्या मास्तरांनी नाहीशा झालेल्या मारुती कांबळेची सगळ्यांकडे केलेली चौकशी. सुटल्यावर स्नेही चहा पिता पिता कॅमेऱ्याच्या कोनांबद्दल अर्धा तास बोलले. आई गप्प.

रात्री भात वाढताना म्हणाली, ‘अरे, आपल्या गावी पाटलांच्या मळ्यावर एक सालगडी होता. तू लहान होतास. एका पावसाळ्यात दिसेनासा झाला. पळून गेला म्हणाले. आम्ही कुणी विचारलंच नाही रे.’

मग तिनं हात धुतले आणि डब्यातले चणे काढून बघितले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता.